लांबी, रुंदी आणि जाडी: भारी शरीराच्या सर्फरसाठी बोर्डाची मापे

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात घरच्या घरी सर्फबोर्ड घडवण्याविषयी मी जे टिपण लिहिले होते, त्यातली सगळी मापे ६५ ते ७५ किलो वजनाचा माणूस समोर ठेवून दिली होती. त्यावर आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे शंभर किलोच्या आसपास वजन असलेल्या वाचकांची आहेत आणि तिन्हींचा रोख एकच आहे: आमच्यासाठी मापे कोणती? पहिल्या टिपणातली ही उणीव माझी होती, म्हणून यावेळचे सदर पूर्णपणे याच विषयाला दिले आहे.

प्रश्न: स. न. वि. वि. मी मूळचा नाशिकचा असून नोकरीनिमित्त सॅन डिएगो येथे राहतो. माझे वय ४१, उंची ६ फूट २ इंच आणि वजन ११८ किलो आहे. गेली दोन वर्षे ला होया शोअर्स आणि टूरमलीन येथे भाड्याच्या मऊ फोमच्या ९ फुटी बोर्डावर शिकलो. आता लाट पकडून उभे राहता येते, थोडेफार वळताही येते. माझ्या एका ६८ किलो वजनाच्या मित्राकडे ७ फूट ६ इंच लांब, साडेएकवीस इंच रुंद आणि पावणेतीन इंच जाड असा बोर्ड आहे आणि तसाच बोर्ड स्वतःच्या हाताने घडवावा असे मनात आहे. लांबी-रुंदी तीच ठेवून जाडी साडेचार इंच केली तर माझे वजन पेलेल का? लिटरचा हिशेब काय आणि कसा करायचा? एका दुकानात मला "तुमच्या वजनाला आमच्याकडे काही नाही" असे सांगण्यात आले, त्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

उत्तर: दुकानातले ते वाक्य आधी मनातून काढून टाका. होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात अब्नर पाकी या हवाईयन सरदाराचे ओलो जातीचे लांबलचक लाकडी बोर्ड आजही जपून ठेवलेले आहेत. हे पाकी सहा फूट चार इंच उंच आणि तीनशे पौंड, म्हणजे सुमारे १३६ किलो वजनाचे होते असे सांगितले जाते. १८५५ मध्ये ते वारले आणि पुढे १९२०च्या दशकात अमेरिकन सर्फर टॉम ब्लेक यांनी त्या बोर्डांची डागडुजी करून त्यांच्यावरून स्वतःचे बोर्ड घडवले. जिथे हा खेळ वाढला तिथे भारी माणसाला बोर्ड नाकारला जात नव्हता. त्याच्या मापाचा ओंडका शोधला जात होता. आपल्यालाही तेच करायचे आहे, फक्त ओंडक्याच्या जागी फोमचा ब्लँक, म्हणजे तासून बोर्ड घडवायचा कच्चा ठोकळा आहे.

आता लिटरचा हिशेब. लांबी, रुंदी आणि जाडी इंचांत घेऊन तिन्हींचा गुणाकार केला की त्या मापांच्या चौकोनी पेटीचे घनफळ मिळते. एका घनइंचात १६.३९ मिलिलिटर बसतात, म्हणून त्या आकड्याला ०.०१६३९ ने गुणले की लिटर येतात. बोर्ड पेटीसारखा नसतो, टोकांकडे तो निमुळता आणि कडांकडे पातळ होत जातो, म्हणून आलेल्या लिटरना पुन्हा साधारण ०.५६ ने गुणावे. हा गुणक लांब, भरीव बोर्डांना चांगला लागू पडतो. अणकुचीदार छोट्या बोर्डांसाठी तो थोडा खाली येतो. आपल्या मित्राच्या बोर्डाला हे लावले तर ९० गुणिले २१.५ गुणिले २.७५ म्हणजे ५,३२१ घनइंच, त्याचे ८७ लिटर आणि त्यातले खरे सुमारे ४९ लिटर. मित्राच्या प्रत्येक किलोमागे त्याच्याखाली ०.७२ लिटर आहेत. स्पर्धेत उतरणारे खेळाडू ०.३५ ते ०.४० लिटरवर भागवतात, नेमाने पाण्यात जाणाऱ्या हौशी माणसाला निम्म्या लिटरच्या आसपास पुरते आणि आठवड्यातून एकदाच समुद्र पाहणाऱ्या, नोकरी-संसार सांभाळणाऱ्या माणसाला ०.७ ते ०.८ लिटर असावेत, असे माझे मत आहे. आपण मित्राइतक्याच सुखाने तरंगावे असे वाटत असेल तर आपल्याला ८५ लिटर लागतात.

आपण सुचवलेली साडेचार इंच जाडी घेतली तर गुणाकार ८० लिटरच्या आसपास येतो, म्हणजे कागदावर हिशेब जवळपास जुळतो. नेमका इथेच धोका आहे आणि हे मी अनुभवाने सांगतो. बोर्ड घडवायला लागल्यावर दुसऱ्याच वर्षी मी एका दणकट मित्रासाठी ८ फूट लांब, २२ इंच रुंद आणि चार इंच जाड बोर्ड केला होता. लिटर ७७ भरले, आकडा चोख होता. पाण्यात मात्र तो रिकाम्या पिंपासारखा डावी-उजवीकडे लोळत राहिला. त्यावर पालथे पडले की छाती पाण्यापासून इतकी वर राही की हात नीट बुडत नसत, आणि उभे राहून वळायला गेले की जाडजूड कड पाण्यात शिरायलाच तयार नसे, कारण कड बुडवायची म्हणजे तेवढे पाणी पायाच्या दाबाने बाजूला सारायचे. माझ्या मित्राने तीन सकाळी प्रयत्न केला आणि चौथ्या सकाळी तो आला नाही. चूक त्याच्या वजनाची नव्हती. लिटर कुठे ठेवायचे याचा मी विचारच केला नव्हता.

म्हणून मित्राचा बोर्ड फक्त जाड करू नका, तो सगळ्या बाजूंनी वाढवा. आपले वजन मित्राच्या १.७३ पट आहे आणि या आकड्याचे घनमूळ १.२ आहे, म्हणजे तिन्ही मापे प्रत्येकी १.२ पट केली की घनफळ आपोआप हवे तेवढे वाढते. तसे केल्यास ९ फूट लांब, पावणेसव्वीस इंचांपेक्षा किंचित जास्त रुंद आणि ३.३ इंच जाड असा बोर्ड येतो आणि त्यात ८४ लिटर बसतात. जाडी साडेचारवरून ३.३ वर आली हे लक्षात घ्या. तीन दिशांना थोडे थोडे वाढवण्याचा हा फायदा आहे.

मात्र हा हिशेबही जसाच्या तसा घ्यायचा नाही, कारण आपले वजन मित्राच्या पावणेदोन पट असले तरी आपले हात काही त्याच्या १.२ पट लांब नाहीत. पालथे पडून हात मारताना दंड बोर्डाच्या कडेला घासत असतील तर अर्धी ताकद वाया जाते आणि काखेत सालपटे निघतात ती वेगळीच. आपल्या उंचीच्या माणसाला २४ इंच रुंदी सोसते, त्यापुढे नाही. जमिनीवर खात्री करून घ्या: २४ इंच रुंद पुठ्ठा किंवा प्लायवूड दोन स्टुलांवर ठेवून त्यावर पालथे पडा आणि शंभर वेळा हात मारा. खांदे उचकटल्यासारखे वाटले तर अर्धा इंच कमी करा. रुंदीतून जे लिटर गेले ते लांबीत टाका, कारण लांब बोर्ड हाताने वल्हवताना पाणी कापत जास्त घरंगळतो आणि लाट उंच होण्याच्या आधीच आपल्याला तिच्या वेगाला नेऊन पोहोचवतो. भारी माणसाची खरी अडचण उभे राहण्यात नसते, ती त्या पहिल्या वेगात असते.

हे सगळे धरून माझी शिफारस अशी: लांबी ९ फूट ८ इंच, रुंदी २४ इंच, जाडी तीन इंच तीन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). घनफळ सुमारे ८६ लिटर. टोकापासून एक फुटावर रुंदी साडेअठरा ते एकोणीस इंच, शेपटीपासून एक फुटावर साडेपंधरा इंच.

एवढ्या लिटरवर आपण स्थिर उभे राहिलात तर बोर्ड आपल्यासह खाली जाईल, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पहिल्याच दिवशी मन खट्टू व्हायचे. ८६ लिटरचा बोर्ड पूर्ण बुडाला तर ८८ किलो समुद्राचे पाणी बाजूला सारतो आणि आपण, ओला वेटसूट आणि बोर्ड मिळून वजन १३० किलोच्या जवळ जाते. तरीही बिघडत नाही. पालथे पडल्यावर शरीराचा काही भाग पाण्यातच असतो आणि तो स्वतःचे वजन स्वतः तोलतो. लाटेवर चढल्यावर बोर्डाला वर धरणारा मुख्य जोर तरंगण्याचा नसून पाण्यावरून सरकण्याचा असतो, म्हणजे वेगाने धावणाऱ्या सपाट तळावर पाणी खालून जो रेटा देते त्याचा. हा रेटा मिळवण्यात रुंद तळ फार कामाला येतो. ही गोष्ट बोर्डांच्या जगात ज्यांनी गणिताने मांडली ते बॉब सिमन्स आपल्याच किनाऱ्यावरचे. १९४०च्या दशकात त्यांनी वेगवान बोटींच्या तळाचा अभ्यास करून रुंद शेपटीचे बोर्ड केले आणि १९५४ मध्ये ला होयाच्या विंडॅन्सी येथे सर्फिंग करतानाच त्यांचा अंत झाला. आपल्या बोर्डाची शेपूट साडेपंधरा इंचांखाली आणू नका असे मी म्हणतो ते याच कारणाने: आपले बरेचसे वजन मागच्या पायावर येणार आणि शेपूट अरुंद असली तर ती खाली बसून ब्रेकसारखे काम करणार.

यानंतर येतो रॉकर, म्हणजे बाजूने पाहिल्यावर दिसणारा बोर्डाचा बाक. टूरमलीन आणि सॅन ओनोफ्रेच्या लाटा सौम्य, हळू कोसळणाऱ्या आहेत, त्यामुळे मधला भाग शक्य तितका सपाट ठेवा. टोक साडेचार ते पाच इंच आणि शेपूट साडेतीन इंच उचललेली असली की पुरे. बाक जास्त झाला तर भारी माणसाखाली बोर्ड पाणी पुढे ढकलत राहतो आणि लाट खालून निघून जाते. ला होया शोअर्सची वाळूवरची लाट काही दिवस एकदम उभी होते, तिथे टोकाचा पाच इंच बाक उपयोगी पडेल.

जाडी कुठे ठेवायची हे सांगितल्याशिवाय जाडीचा आकडा अपुरा आहे. तीन इंच तीन सूत ही फक्त मध्यावरची जाडी आहे. डेक, म्हणजे वरची बाजू, मध्यापासून कडांकडे हलक्या घुमटासारखी उतरू द्या, म्हणजे लिटर छातीखाली राहतात आणि कड पाण्यात शिरण्याइतकी पातळ होते. टोकापासून एक फुटावर जाडी दोन इंचांच्या आसपास असावी, शेपटीकडेही तेवढीच किंवा सूतभर जास्त. कड तासताना खोलीतले दिवे बंद करून एकच ट्यूबलाइट बोर्डाच्या उंचीला बाजूने लावा. रंध्याची प्रत्येक लाट सावलीत दिसते. मग डोळे मिटून दोन्ही कडांवरून दोन्ही तळहात एकाच वेळी टोकाकडून शेपटीकडे न्या. एक तळहात थोडा जास्त उघडा पडतो असे वाटले तर तिथली कड जाड राहिली आहे. मी आजही मोजपट्टीपेक्षा या तळहातावर जास्त विश्वास ठेवतो.

ब्लँक घेताना हव्या त्या मापाच्या अगदी जवळचा घ्या. पॉलियुरेथेनच्या ब्लँकमध्ये फोम वरच्या सालीजवळ सर्वांत घट्ट आणि आत मऊ असतो. खूप जाड ब्लँक आणून वरून दीड इंच तासून काढला तर नेमकी घट्ट साल केराच्या बादलीत जाते आणि आपल्या टाचा मऊ फोमवर पडतात. जाडी कमी करायचीच असेल तर ती तळाकडून करा. मधली लाकडी पट्टी पाव इंचाची असलेला ब्लँक निवडा. डेकवर सहा औंसी फायबर कापडाचे दोन थर, पाय पडतात तिथे आणखी एक तुकडा आणि तळाला सहा औंसी एक थर, याहून कमी करू नका. बोर्ड आठ-नऊ किलोंचा होईल. तो हलका करण्याचा सल्ला अनेक जण देतील. ११८ किलोचा गुडघा त्यावर टेकणार आहे हे त्यांना सांगा. तळाला शेपटीकडे, मध्यभागी नऊ-दहा इंचांचे एक फिन, म्हणजे दिशा धरून ठेवणारे पातळ पाते, पुरेसे आहे.

प्रश्न: मी उत्तर गोव्यात राहतो. उंची ५ फूट ९ इंच, वजन १०२ किलो. येथे मोठ्या मापाचे तयार बोर्ड सहज मिळत नाहीत आणि बाहेरून मागवण्याचा खर्च परवडत नाही. थर्माकोलचा मोठा ठोकळा कारखान्यातून मिळू शकतो. थर्माकोल जास्त तरंगतो असे ऐकले आहे, मग बोर्ड लहान केला तर चालेल का? त्यावर बोटींच्या कामाचे नेहमीचे रेझिन लावता येईल का?

उत्तर: दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण चुकले तर सगळी मेहनत डोळ्यांदेखत वितळेल. बोटींच्या कामात सर्रास वापरले जाणारे पॉलिएस्टर रेझिन थर्माकोलवर कधीही लावू नका. त्यातला स्टायरीन थर्माकोलला विरघळवतो. थर्माकोलला इपॉक्सीच हवे. दुकानदाराने काहीही सांगितले तरी घरी आणल्यावर ठोकळ्याच्या एका उरलेल्या तुकड्यावर चमचाभर रेझिन हार्डनर मिसळून ओता आणि रात्रभर ठेवा. सकाळी खड्डा पडलेला दिसला तर ते रेझिन परत करा.

थर्माकोल जास्त तरंगतो, या म्हणण्यात तथ्य फार थोडे आहे. तरंगण्याचा जोर घनफळावर ठरतो आणि ७५ लिटरचा बोर्ड कशाचाही केला तरी पाणी ७५ लिटरच सरकवतो. फरक पडतो तो बोर्डाच्या स्वतःच्या वजनाचा, आणि तो एक-दोन किलोंचा आहे. त्यासाठी बोर्ड फूटभर लहान करणे योग्य नाही. उलट पॅकिंगचा हलका, घनमीटरला १६ किलोचा थर्माकोल घेऊ नका, ३० किलोच्या जवळचा मागा. ७५ लिटरमागे हा फरक जेमतेम एका किलोचा आहे, पण डेकवर टाचेचे खड्डे पडतात की नाही ते त्यावरच ठरते.

आपल्याकडे ऑक्टोबरपासून मेपर्यंत लाटा बहुतेक वेळा लहान आणि मऊ असतात आणि पावसाळ्यात समुद्र अशा बोर्डासाठी योग्य नसतो, म्हणून बोर्ड त्या लहान लाटांसाठीच करा. उंची कमी असल्यामुळे हातही त्या मानाने आखूड असतील. रुंदी २३ इंचांवर थांबवा. लांबी ९ फूट २ इंच आणि जाडी सव्वातीन इंच ठेवली की ७५ लिटर भरतात, म्हणजे किलोमागे ०.७४. टोकाचा बाक चार इंचांच्या आसपास, मधला भाग अगदी सपाट. गरम तारेने ठोकळा कापून घेताना हा बाक प्लायवूडच्या फर्म्यावर आधी काढा, तो वरच्या आणि खालच्या दोन्ही कापांना लागेल. मधोमध पाइनची सहा मिलिमीटर पट्टी चिकटवा. १०२ किलोंखाली नुसता थर्माकोल मधून मोडतो.

कापड चढवण्याचे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, संध्याकाळी उन्हे उतरल्यावर करा. थर्माकोलच्या मण्यांमध्ये हवा असते. सकाळी काम केले तर दिवस तापेल तशी ती हवा फुगून ओल्या रेझिनमधून बुडबुडे काढते; संध्याकाळी पारा उतरत असतो, तेव्हा तीच हवा रेझिनला आत ओढून घेते. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर धरतो, तो पुढचा हात देण्याआधी पाण्याने धुऊन आणि पॉलिश पेपरने घासून काढावा लागतो. घासताना तोंडावर चांगला मास्क हवाच. आणि तयार बोर्ड भर उन्हात वाळूवर किंवा बंद गाडीत ठेवू नका, डेकवरचे कापड फुगून सुटते.

प्रश्न: मी ऑस्ट्रेलियात राहते. उंची ५ फूट ३ इंच आणि वजन ९४ किलो. माझे दोन प्रश्न आहेत. वर्षभरात वजन पंधरा किलोंनी उतरवायचे ठरवले आहे, तर बोर्ड त्या वजनाचा करावा का? आणि लांब-रुंद बोर्ड माझ्या काखेत बसत नाही, पार्किंगपासून पाण्यापर्यंत नेतानाच दम लागतो, त्याचे काय करावे?

उत्तर: बोर्ड आजच्या शरीराचा करा. वर्षभर लाट मिळालीच नाही तर पाण्यात जाणे सुटेल, आणि मला ते फार वाईट वाटेल. वजन उतरल्यावर हाच बोर्ड जास्त सोपा वाटेल, निरुपयोगी होणार नाही, आणि तोवर आपला हात बसलेला असेल तेव्हा दुसरा घडवता येईल.

काखेची अडचण खरी आहे आणि मापे ठरवतानाच ती धरली पाहिजे. आपल्यासाठी रुंदी पावणेतेवीस इंचांवर ठेवा, त्याने वल्हवतानाही सोय होईल. लांबी ९ फूट ४ इंच आणि जाडी सव्वातीन इंच केली की ७६ लिटर मिळतात, आपल्या वजनाला ते भरपूर आहेत. सवयीमुळे आपण लांबी कमी करायला धजाल, पण ती करू नका. लांबी उचलताना जड वाटत नाही, रुंदी वाटते. बोर्ड काखेत न्यायचाच नाही. टॉवेल गुंडाळून त्याची चुंबळ करा, ती डोक्यावर ठेवा आणि बोर्ड तळ वर करून मधोमध तोलून घ्या, दोन्ही हात कडांना. घडवताना लाकडी पट्टीवर पेन्सिलीने तोलाचा बिंदू शोधून तिथे डेकवर बोटभर रंगीत खूण करून ठेवा, म्हणजे वारा असला तरी बोर्ड पहिल्याच खेपेत बरोबर डोक्यावर बसेल.